चित्रकार मुलाची नोकरी आणि आपले ऊसबिल



या पानावर मी एरवी लागण, बेणे, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने भलत्या विषयात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. म्हणून कारण आधी सांगतो.

गेल्या हंगामात पहिले ऊसबिल जमा झाले आणि पुढच्या पंधरा दिवसांत तीन सभासद गट कार्यालयात माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आले. "साहेब, पोरगं ॲनिमेशनचा कोर्स करायचा म्हणतंय. गेम बनवायला पण शिकवतात म्हणे. फी सव्वातीन लाख. बिलातनं भरून टाकू का?" एकाने तर माहितीपत्रकच टेबलावर ठेवले. गुळगुळीत कागद, डोळे दिपवणारी चित्रे आणि वर ठळक अक्षरांत '१०० टक्के नोकरीची हमी'. मंडळी, शंभर टक्के उगवणीची हमी देणारा बेणेवाला भेटला तर आपण त्याच्याकडून बेणे उचलतो का? आधी तुझा प्लॉट दाखव म्हणतो. मग पोराच्या बाबतीत आपण माहितीपत्रकावर कसे भुलतो?

माझे मत थोडक्यात असे आहे. या धंद्यात पोट भरते, हे खोटे नाही. परंतु इथे नोकरी कागदावर मिळत नाही, हातातल्या कामावर मिळते. हे ध्यानात न घेता ऊसबिल फीमध्ये घालणे म्हणजे माती न तपासता खताची पोती ओतण्यासारखे आहे. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी कबूल करतो.

माझी चूक

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून चित्रे काढायचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत त्याला चांगली श्रेणी मिळाली होती. २०१८ साली बारावी झाल्यावर तो ॲनिमेशन शिकायचे म्हणू लागला. ताईने मला विचारले. मी म्हणालो, "डिप्लोमा होऊ दे ताई. कागद हातात असला की नोकरी कुठं जात नाही." मी माझ्या अनुभवावरून बोललो. मी कृषी पदविका घेतली, प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला गेलो आणि कामावर रुजू झालो. मला वाटले, सगळीकडे असेच असते.

ताईने ऊसबिल घातले, वर सोसायटीचे कर्ज काढले. दोन वर्षे झाली, प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी करोना आला. संस्थेने शेवटी 'नोकरी' म्हणून जे दिले ते होते दुकानाच्या मालाच्या फोटोंची मागची बाजू कापून काढण्याचे काम. दिवसाला शेकडो फोटो, पगार खोलीभाड्याला पुरेना. चार महिन्यांत पोरगा घरी आला. गावात कोणी विचारले की ताई विषय बदलायची. भाऊजी माझ्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत. त्यांचे काही चुकले नाही. सल्ला माझा होता.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्या वर्षात मी मात्र या धंद्याची माहिती काढायला लागलो. पुण्याला कामानिमित्त गेलो की या क्षेत्रातल्या मुलांना भेटलो, कार्यालये पाहिली, चहा पाजून प्रश्न विचारले. त्यातून जे समजले ते आपल्यासमोर मांडतो.

हा धंदा आहे तरी काय

आपल्याला वाटते हे सारे परदेशी खूळ आहे. तसे नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते तिकडे गेले होते. परत आल्यावर भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी पहिल्यांदा काय चित्रित केले असेल? कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि रोज थोडे थोडे चित्र घेत महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढतो, हे सारे मिनिटभरात पडद्यावर दिसले. लोक थक्क झाले आणि मग 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहिला. भांडवलदाराने फाळक्यांचे प्रमाणपत्र पाहिले नाही, वाटाण्याचा वेल पाहिला. या लेखात मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीत आले.

ॲनिमेशन म्हणजे तेच: थोड्या थोड्या फरकाची चित्रे एकापाठोपाठ दाखवून हालचाल निर्माण करणे. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे जातात. पूर्वी ती हाताने काढीत. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेकडचे क्लेअर वीक्स हे प्रशिक्षक आले आणि त्यांच्या हाताखाली आपली पहिली पिढी तयार झाली. त्यांतले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. ते मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी! दूरदर्शनवर पुष्कळ जणांनी 'एक अनेक और एकता' हा पाखरांचा आणि जाळ्याचा बोलपट पाहिला असेल. १९७४ साली तो विजया मुळे यांनी केला, चित्रे भीमसेन यांची. एकजुटीने जाळे घेऊन उडणारी ती पाखरे म्हणजे आपल्या सहकाराचीच गोष्ट.

आता बहुतेक काम संगणकावर होते आणि ते वाटून केले जाते. कारखान्यात गव्हाणीवरचा माणूस वेगळा, मिलचा वेगळा, पॅनवरचा वेगळा, तसेच तिथे. एक जण कथेच्या चित्रचौकटी आखतो. दुसरा पात्राचे रूप ठरवतो. तिसरा संगणकात त्याचा पुतळा घडवतो, त्याला मॉडेलिंग म्हणतात. चौथा त्यावर कातडी, कापड, गंज असे पोत चढवतो. पाचवा त्या पुतळ्यात हाडे आणि सांधे बसवतो, ते रिगिंग. सहावा त्याला चालवतो, तो खरा ॲनिमेटर. मग उजेड देणारा आणि शेवटी सगळे थर एकत्र करणारा. गेममध्ये याहून एक अडचण जास्त. सिनेमातले पात्र ठरल्याप्रमाणे चालते, गेममधले पात्र खेळणाऱ्याच्या बोटावर चालते. त्यामुळे तिथल्या कलाकाराला चित्र देखणे करून भागत नाही, ते यंत्राला झेपेल इतके हलकेही ठेवावे लागते.

सिनेमाच्या कामात नवशिक्या मुलांची भरती आपल्या देशात बहुतकरून एका खालच्या पायरीवर होत आली आहे. तिला रोटो म्हणतात. परदेशी सिनेमातल्या नटाची कड एकेका चित्रात रेघेने कोरून वेगळी करायची. काम किचकट, डोळ्यांवर ताण आणणारे आणि कलेपेक्षा चिकाटीचे. पुष्कळांनी इथून सुरुवात करून वरच्या जागा मिळवल्या आहेत. पण पुष्कळ जण तिथेच राहिले, हेही खरे. मुलाने "मला ॲनिमेशनमध्ये नोकरी लागली" असे सांगितले तर आई-बापाने एक प्रश्न अवश्य विचारावा: "यांतलं नेमकं कुठलं काम?"

नोकरी कशावर मिळते

मुलाखतीला बसणाऱ्यांपुढे शेकडो अर्ज असतात. ते पदवी शेवटी पाहतात. आधी पाहतात उमेदवाराचे शोरील, म्हणजे त्याने केलेल्या उत्तम कामाची एखाद्या मिनिटाची चित्रफीत. चित्रे किंवा पुतळे घडवणारा असेल तर त्याच्या कामांचा संच, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात. पहिल्या काही सेकंदांतच पाहणाऱ्याचे मत बनते. म्हणून सर्वांत चांगले काम आधी ठेवावे आणि कमअस्सल काम काढून टाकावे. आपण बेण्यासाठी ऊस निवडताना काय करतो? किडका, दशी फुटलेला, गाभा रंगलेला ऊस बाजूला काढतो. दोन चांगल्या गुंठ्यांचे बेणे चालते, पण एकरभर भेसळ चालत नाही. तसेच हे.

दुसरी गोष्ट, दहा जणांनी मिळून केलेले काम असेल तर त्यात आपला वाटा कुठला ते स्पष्ट लिहावे. खोटे सांगितले तर पकडले जाते आणि हा धंदा फार लहान आहे, नाव चटकन खराब होते. तिसरी गोष्ट, ज्या कंपनीला अर्ज करायचा तिच्या कामासारखे काम दाखवावे. कार्टून बनवणाऱ्याकडे रक्तपाताची चित्रे आणि लढाईचा गेम बनवणाऱ्याकडे सशाची चित्रे पाठवून उपयोग नाही. भारी काळ्या जमिनीत जी जात चालते ती माळावर चालत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

काही कंपन्या निवडीपूर्वी चाचणीचे काम देतात. एक-दोन दिवसांचे असेल तर हरकत नाही. मात्र दोन-तीन आठवडे फुकट राबवून घेतात आणि ते काम खपवतात, अशीही उदाहरणे कानावर आली आहेत. आणि नोकरी देण्यासाठी 'अनामत' किंवा 'प्रशिक्षण शुल्क' मागणारा दिसला की सरळ उठून यावे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

आणि एक चांगली बातमी. शिकायला लागणारे साधन फुकट आहे. ब्लेंडर नावाची एक संगणक प्रणाली आहे. ती एका डच कंपनीची होती. गुंतवणूकदारांनी हात काढून घेतला आणि २००२ साली ती बंद पडायची वेळ आली. तिचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, प्रणाली सोडवून घेतली आणि सर्वांसाठी कायमची खुली केली. प्रवरेला विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले, त्याच जातीची ही गोष्ट. याच ब्लेंडरवर लाटव्हिया या चिमुकल्या देशातल्या लोकांनी 'फ्लो' नावाचा एका मांजराचा सिनेमा केला. त्यात एक शब्दसुद्धा संवाद नाही. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळाले. तेव्हा "महागडे साधन नाही म्हणून शिकता येत नाही" ही सबब आता उरलेली नाही.

हंगामी काम, बिनहमीचा भाव

आता दुसरी बाजू. २०१३ च्या फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय' या सिनेमातल्या वाघाबद्दल ऑस्कर मिळाले. तो वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने घडवला तिने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. म्हणजे साखर उताऱ्यात पहिला नंबर आणि त्याच महिन्यात अवसायनाची नोटीस. कारण? काम ठरलेल्या रकमेत घ्यायचे आणि गिऱ्हाइकाने शंभरदा बदल सांगितला तरी निमूट करून द्यायचा. भाव ठरवण्याची ताकद कारागिराकडे नाही. हे दुखणे आपल्याला नवीन नाही. आपल्या बापजाद्यांनी गूळ अडत्याच्या दारात नेला तेव्हा हेच भोगले आणि म्हणून तर हा कारखाना उभा राहिला.

२०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला. नुकतेच त्यांच्या एमपीसी कंपनीने 'मुफासा' या सिंहाच्या सिनेमाचे काम केले होते. बंगळूर आणि मुंबईतल्या हजारो मुलांचे काम एकाएकी गेले. गेमच्या धंद्यातही तेच. एकट्या मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जानेवारीत आपल्या गेम विभागातील १९०० माणसे कमी केली. ही माणसे कामचुकार नव्हती. प्रकल्प संपला, भांडवलदाराचे गणित बदलले, माणसे घरी. म्हणून या धंद्याकडे सरकारी नोकरीसारखे पाहू नये. हे हंगामी काम आहे. हंगामात कमवावे आणि बंद काळासाठी निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. चार शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देते. बारामतीच्या केंद्राने उसाच्या शेतीतही ती आणली, त्यामुळे आपल्याला तिची ओळख आहे. मी मुलांना विचारले, "मग तुमचं कसं?" खरे उत्तर असे मिळाले की, खालच्या पायरीवरचे रोटोसारखे काम यंत्र खाऊ लागले आहे. ही काळजीची गोष्ट आहे, कारण नवीन मुलगा आत शिरायचा तो याच दाराने. ऊसतोडणी यंत्र आले तेव्हा टोळ्यांचे काम कमी झाले, पण कुठला फड आधी पक्व झाला हे पाहणाऱ्याची गरज संपली नाही. इथेही ज्याला फक्त बटणे दाबता येतात तो मागे पडेल. ज्याची नजर तयार आहे, ज्याला चूक कुठे आहे ते दिसते आणि हाताने दुरुस्त करता येते, तो टिकण्याचा संभव जास्त. याहून मोठे आश्वासन मी देणार नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, "मग पोराला कशाला त्या वाटेला पाठवायचं? गप शेती कर म्हणावं." हेही मला मान्य नाही. कामे येतच आहेत. जगातल्या मोठ्या सिनेमांचे काम करणाऱ्या डीएनईजी कंपनीत मुंबईची माणसे आहेत. युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा गेम २०२० साली जगाच्या बाजारात आणला. त्यात आपल्या देवीदेवता आहेत, राजस्थानी वाडे आहेत. २०१७ साली त्यांनी वर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. तरी काम सोडले नाही. २०२५ साली मुंबईत या कलांसाठी भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. दार उघडे आहे, पण ते लोटायला ताकद लागते. आणि शेतीत तरी कोणता हमीचा पाऊस पडतो?

सभासदांनी काय करावे

पहिले, चाचणी प्लॉट घ्यावा. नवीन जात आली म्हणून आपण एकदम पाच एकर लावीत नाही. मुलाला सहा महिने द्यावेत. रोज दोन तास चित्र आणि साध्या संगणकावर ब्लेंडर. फुकटात जो सहा महिने बसत नाही तो फी भरल्यावर बसेल, या भ्रमात राहू नये.

दुसरे, संस्थेत स्वतः जावे. माहितीपत्रक बाजूला ठेवून मागच्या तुकडीच्या मुलांचे काम दाखवा म्हणावे. संस्थेने दिलेल्या नावांवर न जाता आपण शोधून काढलेल्या तीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. कुठले काम लागले, पगार किती, किती महिने टिकले, ते विचारावे. हमी देत असतील तर ती सही-शिक्क्यानिशी मागावी. बहुतेक ठिकाणी तिथेच आवाज खाली येतो.

तिसरे, फी हप्त्याने भरावी. मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का ते वाचूनच सही करावी. संस्थेच्या टेबलावर बसलेल्या कर्जवाल्याची कागदपत्रे घरी आणून कोणाला तरी दाखवावीत. जमीन विकून हा कोर्स करू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

चौथे, दुसऱ्या वाटा पाहाव्यात. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, फाळकेही तिथेच शिकले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन शिकवतात, पवईच्या आयआयटीतही शिकवतात. प्रवेश परीक्षा अवघड असतात, पण तयारीला ऊसबिल लागत नाही, मेहनत लागते. आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींना विचारले तर ते आनंदाने सांगतील. आजवर त्यांना कोणी विचारलेच नाही.

पाचवे, शिक्षण झाल्यावर शोधाला दोन वर्षे द्यावीत. त्या काळात मुलाला टोचून बोलू नये. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, आपण त्याला दर महिन्याला उपटून पाहत नाही. मात्र पोरानेही हिशेब द्यावा: आठवड्याला किती काम केले, किती ठिकाणी पाठवले, कोणी काय दुरुस्ती सांगितली. खाटेवर पडून मोबाइल पाहणे म्हणजे शोध नव्हे.

सहावे, हे सगळे मुलींनाही लागू आहे. माझ्याकडे आलेल्या तिघांपैकी एकाच्या घरात चित्र काढणारी खरी मुलगी आहे आणि फी भरायची बोलणी चालली होती मुलासाठी. मुलाला गेम खेळायला आवडतात, बस्स. खेळणे आणि बनवणे यांत ऊस खाणे आणि ऊस पिकवणे यांच्याएवढा फरक आहे. मी त्या सभासदाला म्हणालो, "पाटील, रोप एका वाफ्यात आलंय आणि तुम्ही पाणी दुसऱ्याला सोडताय."

एक सूचना

सभासदांच्या मुलांना असल्या कोर्सच्या फीसाठी ऊसबिलातून कपात करून कर्ज द्यावे, अशी मागणी काही जणांनी केली आहे. माझा तिला विरोध आहे. त्याने संस्थांचे भले होईल, मुलांचे होणार नाही. त्याऐवजी कारखान्याच्या वाचनालयात चार बऱ्यापैकी संगणक, चित्र काढण्याच्या पाट्या आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक जाणता मुलगा एवढी सोय करावी. तीन मुलांच्या फीत जेवढे जाते त्यापेक्षा कमी खर्चात हे होईल आणि साऱ्या गटातली मुले वर्षभर हात आजमावतील. ज्याचा हात चालेल तो पुढे जाईल. ज्याचा नाही चालणार त्याच्या बापाचे सव्वातीन लाख वाचतील, तेही थोडे नाही. कारखाना बेणे मळा चालवतो तो याच विचाराने. ही सूचना मी संचालक मंडळाला लेखी देत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला तर विचार करून हात वर करावा, आणि पटत नसेल तर उभे राहून तसे सांगावे.

आता भाच्याचे राहिले. पुण्यातल्या एका जाणत्या ॲनिमेटरने त्याचे शोरील पाहिले आणि एवढेच म्हणाला, "यात शिकवलेलं सगळं आहे. तू बघितलेलं काही नाही." पोरगा घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन तोडणी मजुरांच्या तळावर जाऊ लागला. भरली बैलगाडी चढाला लागते तेव्हा बैल मान कशी खाली घालतो, जू कुठल्या खांद्यावर आधी दाबते, खूर कसा घसरतो आणि पुन्हा रोवतो, गाडीवान कधी उतरतो, हे तो दहा महिने काढत होता. गावात लोक हसले. त्यातून वीस सेकंदांची एक चित्रफीत झाली. २०२२ साली तेवढ्यावर त्याला पुण्यात काम मिळाले. मुलाखत घेणाऱ्याने प्रमाणपत्र मागितले नाही. "हे कुठं बघितलंस?" एवढेच विचारले. २०२५ मध्ये प्रकल्प संपला आणि पाच महिने तो पुन्हा घरी होता. या वेळी गाठीला पैसे होते आणि भाऊजींनी त्याला एका शब्दाने टोचले नाही. आता एका लहान गेम स्टुडिओत आहे. पुढच्या वर्षी तिथेच असेल की नाही, त्यालाही ठाऊक नाही. पण काम कसे मिळवायचे ते त्याला कळले आहे.

सोसायटीचे कर्ज अजून एक वर्ष फिटायचे आहे. तो हप्ता तोच भरतो.

ज्या सभासदांना या विषयावर बोलायचे आहे त्यांनी सोमवारी गट कार्यालयात यावे. येताना माहितीपत्रक आणू नये, मुलाची किंवा मुलीची चित्रांची वही आणावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी

ता. क. — पूर्वहंगामी लागणीसाठी बेण्याची मागणी नोंदवणे चालू आहे. बेणे मळ्यातलेच घ्यावे, बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावू नये.